परीक्षेची पेशंट

चहाचा कप नुकताच हातात आला होता, एवढ्यात इंदिराबाई खाटेशी येऊन उभ्या राहिल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "कुंदा, पेशंट होतेस का?" मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. पोटाला टाके, सलाईनची जागा काळीनिळी पडलेली, केसांचा पार बुचडा झालेला, उठून बसायचं तर आधी खाटेचा दांडा शोधावा लागतो, आणि आमच्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या मला विचारतात, पेशंट होतेस का! मला हसू फुटलं आणि हसू फुटताच टाक्यांतून अशी कळ गेली की चहा चादरीवर सांडला. "हसू नकोस," त्या म्हणाल्या, "बेबाची पेशंट पळाली." मग माझं हसणं आपोआप थांबलं. आज शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती हे मला ठाऊक होतं. पहाटेपासून वॉर्डात पोरींची लगबग चालली होती, कडक इस्त्रीच्या कापडांचा वास येत होता, खाटांची चाकं सगळी एका दिशेला वळवून ठेवली होती, आणि मी, ज्या बाईने या पोरींना ती चाकं वळवायला शिकवलं ती बाई, कोपऱ्यातल्या अकरा नंबरच्या खाटेवर उताणी पडून छत बघत होते. अपेंडिक्सला मुहूर्त कळत नाही. आठवड्यापूर्वी पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकापाशी रिक्षात बसले असताना पोटात जी कळ उठली ती थेट ऑपरेशनच्या टेबलावरच जाऊन थांबली.

इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण वॉर्ड या उंचीवरून कधी पाहिला नव्हता. उभ्याने पाहताना वॉर्ड म्हणजे खाटांच्या दोन रांगा आणि मधली चालायची वाट. आडवं पडलं की वॉर्ड म्हणजे पंख्याची डुगडुग, भिंतीवरची ओल, आणि आपल्यावर वाकलेले चेहरे. हे चेहरे खालून बघितले की वेगळेच दिसतात. हनुवट्या मोठ्या होतात, डोळे लांब जातात. कोणी आपल्याशी बोलता बोलता शेजारणीच्या सलाईनच्या बाटलीकडे बघतं, आणि आपल्याला वाटतं, माझं काही बिनसलंय, हिला सांगायचं नाहीये. कोणी चालता चालता खाटेला गुडघा लावून जातं आणि तो धक्का पोटात येऊन पोचतो. मी पोरींना शिकवलं होतं, खाटेला धक्का लावू नका. पुस्तकात आहे ते. पण तो धक्का कुठे जाऊन लागतो हे मला या आठवड्यात कळलं, आणि अपेंडिक्सचे आभार मानावेत असं चक्क मनात आलं.

तर माझ्या विद्यार्थिनीची, बेबाची, पेशंट पळाली. ती दीपनगरच्या वसाहतीतली तानुबाई, पित्ताशयाच्या ऑपरेशनची, सातव्या खाटेवरची. चांगली बोलकी बाई. पण काल संध्याकाळी कुणीतरी तिला सांगितलं की उद्या तुझ्यावर परीक्षा आहे, आणि तिने त्याचा अर्थ असा घेतला की पोरी तिचे टाके उसवून परत घालून दाखवणार. सकाळी नवरा आला, घरी नेतो म्हणून त्याने सही ठोकली, आणि दोघं रिक्षात बसून गेली. बाकी पेशंट इतर पोरींना वाटून झाले होते. जखमेची पट्टी बदलायची असलेली बाई उरली होती एकच, ती मी. "परीक्षक बाईंना सांगितलंय," इंदिराबाई म्हणाल्या, "त्या तयार आहेत. त्यांची एकच अट आहे, तू काही सुचवायचं नाहीस." आणि जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "आणि खोकायचं नाही." माझा खोकला सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध होता. वर्गात, वॉर्डात, कोणत्याही पोरीचं काही चुकायला लागलं की मी खोकायची. पोरी म्हणत, कुंदामॅडमना खोकला झाला की आपल्याला ताप येतो.

इंदिराबाईंनी मला हे असं बजावावं याची गंमत वाटली, कारण खोकायला मला शिकवलं त्यांनीच. धुळ्याला मी नर्सिंगच्या डिप्लोमाला गेले तेव्हा त्या तिथल्या ट्यूटर होत्या. एक्याऐंशी साल असेल. कॉलेज नाही, शाळाच म्हणायचे तिला, दवाखान्याच्या आवारातली बैठी इमारत, आणि शिकण्यापेक्षा राबणंच जास्त. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला पुस्तक उघडू दिलं नाही. सगळ्यांच्या तळहातांवर ओलं कुंकू चोळलं आणि म्हणाल्या, डोळे मिटा, हात धुवा. आम्ही डोळे मिटून धुतले, उघडून बघतो तर अंगठ्याच्या मागे लाल, बोटांच्या बेचक्यांत लाल, नखांच्या कडा लाल. "हे जंतू," त्या म्हणाल्या, "जंतू लाल नसतात म्हणून तुम्हाला वाटतं हात स्वच्छ आहेत." आमच्यात नंदुरबारकडची एक विधवा पोरगी होती. कुंकवाची वाटी तिच्यापर्यंत आली तेव्हा तिने हात मागे घेतले. इंदिराबाईंनी वाटी बाजूला ठेवली आणि कपड्यांची नीळ आणायला सांगितली. त्या दिवसापासून सगळ्यांसाठी नीळ. मला वाटतं सेवा म्हणजे काय हे मला त्या वाटीवरून कळलं. जे पुढे पदवीच्या पुस्तकांत मोठमोठ्या नावांनी वाचलं, त्यातलं बरंचसं इंदिराबाईंनी निळीत कालवून आधीच आमच्या हातांना लावलं होतं.

पण 'का' विचारायची सोय धुळ्याला नव्हती. डॉक्टर आला की उभं राहायचं. दारातून आधी डॉक्टर, मग मेट्रन, मग वरच्या सिस्टर, मग आम्ही, शेवटच्या पोरीने दार धरून ठेवायचं. का? असंच. मी दोन वर्षं दार धरलं, तिसऱ्या वर्षी माझ्यासाठी दुसरीने धरलं तेव्हा मी मान ताठ करून आत गेले. यात काही वावगं आहे असं मनातसुद्धा आलं नाही. घरी तर याहून बिकट. पारोळ्याकडच्या आमच्या गावात नाना, म्हणजे माझे वडील रुपचंद पाटील, सगळ्यांना सांगत होते, पोर धुळ्याला टायपिंग शिकते. परजातीच्या लोकांचं हगणंमुतणं काढते हे कुठल्या तोंडाने सांगणार? पण गावातलाच एकजण हर्नियासाठी दाखल झाला, त्याने मला बेडपॅन घेऊन जाताना पाहिलं आणि टायपिंगचं बिंग फुटलं. नाना दुसऱ्याच दिवशी एसटीने धुळ्याला आले. धोतर, टोपी, हातात रिकामी पिशवी. माझं सामान त्या पिशवीत भरून न्यायचं म्हणूनच आले होते.

वॉर्डात तेव्हा शेवंताबाई नावाची म्हातारी होती, छातीच्या रोगाची, रोज इंजेक्शन. माझं आयुष्यातलं पहिलं इंजेक्शन मी तिलाच दिलं. त्याआधी कच्च्या केळ्यांवर सराव केला होता, पण केळं काही कण्हत नाही. मी सुई धरून उभीच होते आणि शेवंताबाई मान वळवून अहिराणीत म्हणत होती, "टोच वं माय, टोच. मना जीव काय जास नही." मी टोचलं. तिने दात आवळले आणि मग माझ्याच पाठीवर थोपटलं. कुणीही नवी पोरगी आली की तिचं पहिलं इंजेक्शन शेवंताबाईच्या वाट्याला जायचं, आणि म्हातारीने एकदाही तक्रार केली नाही. तर नाना वॉर्डाच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत, तिला स्पंज करत होते. शेवंताबाईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "नाना, तुम्हनी पोर शे का ही?" नानांनी मान हलवली. "मना पोऱ्या बी इतलं करत नही," ती म्हणाली. "लई जाऊ नका तिले." हिला घेऊन जाऊ नका, असं ती नानांना सांगत होती. नाना बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. मी स्पंज संपवून बाहेर गेले तर त्यांनी पिशवी घडी करून खिशात घातली होती. "जेवली का?" एवढंच विचारलं आणि परतीच्या एसटीला गेले. शेवंताबाई त्याच पावसाळ्यात वारली. तिचं आडनाव मला आठवत नाही. पण माझ्या हातांनी जी काही इंजेक्शनं दिली, आणि माझ्या पोरी देतात, ती सगळी त्या बाईच्या अंगावरून पुढे गेलेली आहेत, याचा विचार आला की माझे हात आपोआप जोडले जातात.

मग जळगावात नोकरी, आणि सत्ताविसाव्या वर्षी मुंबईला पदवीला. तेव्हा इंदिराबाईंनीच माझा अर्ज रेटला होता. नाना म्हणाले, "सेवा कराले डिगरी कसाले लागस वं?" माझ्याही मनात तेच होतं. मुंबईत पहिल्याच तासाला एक बारीक चणीच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या प्राध्यापिका वर्गात आल्या, स्वतः नर्स, नावापुढे डॉक्टरेट, आणि त्यांनी विचारलं, ऑपरेशन झालेल्या माणसाला तुम्ही कुशीवर का वळवता? आम्ही सगळ्या कामाच्या बायका, कुणाची दहा वर्षं नोकरी झालेली, कुणाची पंधरा. आम्ही म्हणालो, डॉक्टर सांगतात म्हणून. त्या म्हणाल्या, "आणि डॉक्टर सांगायला विसरले तर?" त्या रात्री वसतिगृहाच्या खाटेवर मला झोप लागली नाही. रागही आला होता आणि आपल्याला कुणीतरी प्रौढ माणूस समजून प्रश्न विचारला याचा आनंदही झाला होता. आजवर मला फक्त सांगितलं गेलं होतं. विचारलं कुणी नव्हतं. तिथल्या वाचनालयात बसताना सुरुवातीला मी खुर्चीच्या कडेवरच बसायची, कोणी आलं की उठता यावं म्हणून. वर्ष सरता सरता पाठ टेकून बसायला लागले. पदवी घेऊन आले तेव्हा नानांना सांगितलं, "नाना, सेवा कराले डिगरी लागत नही. पण चूक कोठे व्हयनी ते समजाले लागस." ते सुपारी चघळत म्हणाले, "मंग ठीक शे." पुढे गावात कुणी विचारलं की ते टायपिंगचं नाव काढत नसत. पोर मुंबईच्या इद्यापीठात शिकली, असं सांगत. नाना जाऊन आता दोन वर्षं झाली, पण ते 'मंग ठीक शे' मला अजून पुरतं आहे.

जळगावला विद्यापीठ झालं, आमच्या संस्थेने नर्सिंगच्या पदवीचं कॉलेज काढलं, इंदिराबाई निवृत्तीनंतर प्राचार्या म्हणून आल्या आणि त्यांनी मला ओढून नेलं. लोक हसले. डॉक्टर म्हणत, आता नर्सांना पण बी.एस्सी., उद्या आयांना एम.ए. जुन्या सिस्टरही नाक मुरडत, या डिग्रीवाल्या पोरी बेडपॅनला हात लावतील का? आम्ही दोघी गप्प राहून पोरी घडवत होतो. त्यांच्यातच ही बेबा, चोपड्याकडची, पितांबर महाजनांची मुलगी. हजेरीत नाव बेबाबाई. पहिल्या दिवशी मी 'बेबाबाई' अशी हाक मारली तर वर्ग हसला आणि ती उभी राहून म्हणाली, "आजीचं नाव आहे, मॅडम." परत कुणी हसलं नाही. हाताची फार चांगली. तिच्या पेशंटची पाठ पडून पडून कधी सोलली नाही, तिच्या हातचं पाणी पिऊन म्हातारी माणसं झोपी जायची. पण बोलायचं म्हटलं की तिची वाचा बसायची. मोठ्या माणसापुढे मान खाली, नजर जमिनीवर. मागच्या परीक्षेत पट्टी बदलताना तिच्या हातून चिमटा खाली पडला, आणि तिने तो उचलून परत ट्रेमध्ये ठेवला. घरात पडलेली वस्तू जशी आपण उचलून जागेवर ठेवतो, तशी. परीक्षक बाईंनी विचारलं, हे काय केलंस? तिला उत्तर ठाऊक होतं. तोंडातून शब्द निघाला नाही. बाकीच्या पोरी पास होऊन नोकरीला लागल्या, ही एकटी मागे राहिली. वडिलांनी निरोप पाठवला होता, या वेळेला झालं तर झालं, नाही तर घरी ये, केळीच्या कामाला हात कमी पडतात. पितांबरभाऊ वाईट माणूस नाही. पण एकदा बेबा त्या केळीत शिरली की परत बाहेर येणार नाही, हे मला माझ्या नानांच्या रिकाम्या पिशवीवरून नीट कळत होतं.

म्हणून मी हो म्हटलं. सांडलेल्या चहाची चादर बदलली गेली, माझ्या खाटेभोवती पडदे ओढले गेले, आणि परीक्षक बाई आल्या. पुण्याच्या, उंच, चष्मा साखळीला लावलेला, आवाज एका पट्टीत. मागच्या वर्षी त्याच आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्ही इथे शिकवता, मला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही शिकवत नाही. गावाकडून आलेली बाई जेवढं बोलेल तेवढंच बोलायचं." मी मान हलवली. इंदिराबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या, पदर खांद्यावर घट्ट, आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. वास्तविक पंखा थेट त्यांच्यावर होता. ट्रॉली आणून ठेवली गेली. तिच्यावर निर्जंतुक कापडात बांधलेला पट्टीचा संच, चिमटे, कापूस, औषधाच्या वाट्या. हे सगळं मी हजार वेळा मांडलेलं. पण आज ते माझ्यासाठी मांडलेलं होतं, आणि माझ्या पायाची बोटं गार पडली होती. चादर कमी पडत होती की मीच खाली सरकले होते कुणास ठाऊक, पावलं बाहेर उघडी होती आणि ती झाकून घ्यायला वाकणं मला शक्य नव्हतं. मी पोरींना शिकवलं होतं, पेशंटची पावलं झाका. बाहेर नळाचं पाणी पडत होतं. बेबा हात धूत होती. बराच वेळ धूत होती. त्या आवाजावरून ती अंगठा केव्हा धुते, बेचक्या केव्हा, मला कळत होतं.

पडदा सरकला आणि ती आत आली. हात कोपरात दुमडून वर धरलेले, बोटं छताकडे, अगदी शिकवलं तसं. तिला सातव्या खाटेऐवजी अकरावर जा एवढंच सांगितलं असावं, आणि घाईत ती खाट कुणाची हे तिच्या ध्यानात आलं नसावं. तिने मान वर केली आणि मला पाहिलं. तिचे ओठ हलले. मॅडम, असं ती म्हणाली असणार, ऐकू काही आलं नाही. परीक्षक बाई तेव्हा इंदिराबाईंकडे वळून काहीतरी विचारत होत्या. आणि बेबा माझ्या पायथ्याशी वाकली, दोन्ही हातांनी माझी पावलं धरली, आणि हात कपाळाला लावले. आमच्याकडे पोर परीक्षेला निघाली की घरातल्या सगळ्या मोठ्यांच्या पाया पडते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही पडते, त्यात विचार करायचा नसतो, गुरू दिसला की कंबर आपोआप वाकते. तिचे हात ओले आणि गार होते. माझ्या घोट्याला ते लागले आणि माझ्या सबंध अंगावर काटा आला. मला आधी काय वाटलं ते सांगते: भरून आलं. कुणीतरी इतक्या मनापासून आपली पावलं धरावीत आणि आपण नुसतं पडून राहावं, हे सुख मी आधी भोगलं नव्हतं. आणि त्याच्या मागोमाग, एका श्वासाच्या अंतराने, माझ्या पोटातल्या टाक्यांना ते कळलं. धुतलेले हात गेले. आठवडाभर खाटेवर, न धुतलेली, चप्पल घालून संडासापर्यंत गेलेली माझी पावलं, आणि त्यावरचे ते हात आता ट्रॉलीकडे जात होते.

मी इंदिराबाईंकडे पाहिलं. त्यांनी बघितलं होतं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. परीक्षक बाई परत वळल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. बेबाने संचाचं कापड कडांनी उलगडलं आणि चिमटा उचलला. आता मी काय करावं? गावाकडची बाई जेवढं बोलेल तेवढंच बोलायचं. गावाकडची बाई काय बोलली असती? काहीच नाही. इतक्या वर्षांत एकाही पेशंटने मला म्हटलं नाही, सिस्टर, हात धुतले का? आम्ही त्यांच्या अंगाला हात लावतो आणि ते डोळे मिटून घेतात, आणि एवढ्या भरवशाने की त्या भरवशाचीच भीती वाटावी. मी बोलले तर बेबा नापास. न बोलले तर ती पास होईल, चिमट्यानेच काम आहे, कदाचित जखमेला काही होणारही नाही, झालंच तर चार दिवस ताप येईल, मी तो काढीन, तेवढा ताप काढायला माझी तयारी होती, तिच्यासाठी आनंदाने काढला असता. माझ्या पोटाचं मला काही नव्हतं. पण उद्या ती दुसऱ्या कुणाच्या पोटाशी उभी राहील तेव्हा? आज तिचं चुकलंय हे तिला न कळता ती पदवी घेऊन बाहेर पडली तर तिच्यासोबत हे न कळणंही बाहेर पडणार, आणि आम्ही दोघींनी एवढी वर्षं लोकांचं हसणं सोसून जे उभं केलं त्याच्या मुळाशीच हा एक खोटा दगड बसणार. माझ्या घशाशी खोकला आला. एक बारीक खोकला. परीक्षक बाईंना त्याचा अर्थ कळला नसता, बेबाला नक्की कळला असता. पोटावर उशी दाबून धरल्याशिवाय खोकणं म्हणजे टाक्यांवर घण, तरी मी श्वास आत घेतला. मी खोकले असते की नाही, मला अजून सांगता येत नाही.

बेबा थांबली. चिमटा हवेत तसाच. मग तिने तो खाली ठेवला, संचात नाही, ट्रॉलीच्या खालच्या मळक्या भांड्यात ठेवला, आणि मान वर केली. परीक्षक बाईंच्या थेट डोळ्यांत बघून ती बोलली. आवाज कापत होता, पण शब्द सगळे आले. "बाई, माझे हात आता स्वच्छ नाहीत. मी धुतल्यानंतर पेशंटच्या पायांना हात लावला. त्याच हातांनी चिमटा धरला. हा सगळा संच आता चालणार नाही. मला दुसरा मागवावा लागेल."

"पायांना का हात लावलास?"

"त्या आमच्या मॅडम आहेत. पाया पडले."

"दुसरा संच थिएटरमधून येईपर्यंत वेळ जाईल. त्याचे गुण जातील."

"जाऊ द्या, बाई."

"कुणी पाहिलं नव्हतं," परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजाची पट्टी पहिल्यांदाच जराशी हलली. "मी पाहिलं नव्हतं. मग का थांबलीस?"

मला वाटलं, आता ही जमिनीकडे बघणार. आता हिची वाचा बसणार. पण तिने माझ्याकडे पाहिलं, नेहमीच्या, मॅडमकडे बघायच्या नजरेने नव्हे. माझ्या पोटावरच्या पट्टीकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, दुखतंय का हे बघतात तसं पाहिलं. "त्या मॅडम आहेत म्हणून पाया पडले," ती म्हणाली. "पण आत्ता त्या पेशंट आहेत."

ती पडद्याबाहेर गेली, परत नळाचं पाणी पडायला लागलं. इंदिराबाईंनी पदराने कपाळ पुसलं. मी छताकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं, आणि ते पुसायला माझा हात उठत नव्हता. मला कुणाकुणाचे आभार मानू असं झालं होतं. माझ्या पोरीला माझी गरज उरली नव्हती, आणि त्याचं दुःख कणभर नव्हतं. नवा संच आला. बेबाने पट्टी काढली, जखम मधून कडेकडे पुसली, औषध लागलं तेव्हा मी "आई गं!" म्हणून ओरडले, चांगली मोठ्याने, आणि ती म्हणाली, "झोंबतंय ना? मला सांगत राहा, मी थांबेन." परीक्षक बाईंनी पाच-सहा प्रश्न विचारले. तिने सगळ्यांना 'का'सकट उत्तरं दिली. एकदा अडखळली, थांबली, आणि बरोबर शब्द शोधून पुढे गेली.

सगळं आटोपल्यावर परीक्षक बाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला आणि इंदिराबाईंना विचारलं, "हिला मागच्या वेळी कोणी नापास केलं होतं?"

"तुम्हीच, बाई," इंदिराबाई म्हणाल्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता पास करायला मलाच मिळालं." आणि पडदा बाजूला सारून पुढच्या खाटेकडे गेल्या. इंदिराबाई त्यांच्या मागे गेल्या, जाताना त्यांचा हात बेबाच्या खांद्याला नुसता लागला. बेबाला बहुधा ते वाक्य नीट पोचलंच नव्हतं. ती ट्रॉली आवरत होती, वाट्या मोजून ठेवत होती. मग ती माझ्या पायथ्याशी आली. या वेळी वाकली नाही. चादर खाली ओढून तिने माझी पावलं झाकली, कडा गादीखाली खोचल्या, आणि माझ्या उशीपाशी येऊन म्हणाली, "आता जरा पडा, अक्का. दुखलं तर मला हाक मारा."

आमच्या इथे वॉर्डातल्या बायकांना आम्ही अक्का म्हणतो. मॅडमला कुणी म्हणत नाही.

"बरं, सिस्टर," मी म्हटलं.